लॉरेलच्या जंगलात संधिपादांची मोजणी: बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तेर्सेरा बेटावरच्या जंगलात पहिल्यांदा शिरले तेव्हा सगळ्यात आधी जाणवली ती झाडांची उंची. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आंबोलीतली, कोयनेतली, मान वर करून बघावी लागणारी झाडं येतात. इथे लॉरेल, जुनिपर, होली सगळी दोन ते पाच मीटरांची. ढग वरून जात नाहीत, बुंध्यांमधून जातात. फांद्यांवर शेवाळाचे गादीसारखे थर, आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत ओला स्फॅग्नम, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. लॉरेलचं पान चुरडून नाकाशी धरलं तर तमालपत्राची आठवण होते. दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत.

अझोर्स ही अटलांटिक महासागरातली पोर्तुगालची नऊ ज्वालामुखी बेटं. तेर्सेरावरचं आंग्रा बंदर हा गोव्याहून लिस्बनला परतणाऱ्या जहाजांचा ठरलेला मुक्काम होता, त्यामुळे हे नाव आपल्या इतिहासापासून वाटतं तितकं लांब नाही. पंधराव्या शतकात इथे माणूस वस्तीला आला, तोवर बेटं जवळजवळ सगळी जंगलाखाली होती. आज मूळ जंगल पाच टक्क्यांहूनही कमी उरलंय. तेही डोंगरमाथ्यांवर आणि लाव्हाच्या खडबडीत पट्ट्यांवर, जिथे गुरांसाठी कुरण करणं जमलं नाही. कोर्वो आणि ग्रासिओझा या दोन बेटांवर तर सर्वेक्षण करण्याजोगा तुकडाच नाही.

या उरलेल्या तुकड्यांत कोळी, भुंगेरे, तुडतुडे, गोमी, पतंग अशा संधिपादांपैकी, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांपैकी, कोण राहतं हे शोधायला अझोर्स विद्यापीठातल्या पाउलू बोर्जेस यांच्या गटाने 1999 मध्ये मोठं काम हाती घेतलं. सात बेटं, जंगलाचे 18 तुकडे, मोजणीसाठी आखलेले 100 लांबट पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर एकच पद्धत. त्या पद्धतीवर मी काम शिकले. पहिल्यांदा अशा चमूत जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून ती इथे ओळीने मांडते. अंदमानात किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईत काम करणाऱ्यालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

प्रश्न आधी, सापळा नंतर

नवा माणूस जंगलात जातो तो काहीतरी दुर्मिळ सापडेल या आशेने. ती आशा चांगलीच आहे, पण सर्वेक्षण वेगळं आणि संग्रह वेगळा. संग्राहक जिथे किडे जास्त तिथे जातो आणि सापडेपर्यंत शोधतो. सर्वेक्षण करणारा आधी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या कष्टाने जेवढं मिळेल तेवढंच घेतो, आणि काहीच मिळालं नाही तर तेही लिहितो. दोन तुकड्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे मेहनत सारखी हवी. एका जागी चार तास आणि दुसऱ्या जागी दोन तास शोधलंत, तर जो फरक दिसेल तो जंगलाचा की तुमच्या घड्याळाचा, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात प्रश्न लिहा. उदाहरणार्थ: ‘जंगलाच्या कडेपासून आत जाताना बाहेरून आलेल्या जातींचं प्रमाण कमी होतं का?’ पट्टे कुठे घ्यायचे, किती घ्यायचे, कोणत्या महिन्यात घ्यायचे हे सगळं या एका वाक्यावरून ठरतं. अझोर्सचं मूळ काम उन्हाळ्यात झालं, त्यामुळे त्याच्याशी तुलना करायची तर तुम्हालाही उन्हाळाच धरावा लागेल. हिवाळ्यात सवड आहे म्हणून हिवाळ्यात गेलात तर आकडे मिळतील, पण ते त्या आकड्यांशेजारी मांडता येणार नाहीत.

परवानगी

हे थोडक्यात. परवानगीशिवाय एकही कुपी भरू नका. अझोर्समध्ये प्रादेशिक शासनाच्या पर्यावरण विभागाकडून नमुने गोळा करण्याचा परवाना लागतो. आपल्याकडे वनखात्याची परवानगी लागते, आणि नमुने देशाबाहेर जाणार असतील तर जैविक विविधता कायदा 2002 लागू होतो. परवान्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कायम पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट कोणत्याही परवान्यात लिहिलेली नसते, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. प्रत्येक तुकड्यात शिरण्याआधी बूट घासून धुवा. अझोर्सच्या जंगलांना आज ग्रासणाऱ्या झाडांपैकी एक आहे कहिली जिंजर, म्हणजे आपल्या सोनटक्क्याची पिवळ्या फुलांची, हिमालयातली सख्खी बहीण. बागेसाठी म्हणून आणली आणि आता जंगलात तिच्या कंदांचं असं जाळं पसरलंय की खाली लॉरेलचं रोप उगवायला जागा राहत नाही. घरी परड्यात सोनटक्का बघत वाढलेल्या माणसाला ते रान बघून वाईट वाटतं. तळव्याला चिकटलेल्या मातीतून कंदाचा तुकडा, बी किंवा एखादं बारीक जनावर एका तुकड्यातून दुसऱ्यात नेणारे आपण नसावं.

पट्टा आखणं

पट्टा 150 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद. जंगलाच्या मधोमध, शक्यतो एकसारख्या झाडीत, पायवाटेपासून दूर. टेपने सरळ रेष धरायचा प्रयत्न करा, पण लाव्हाच्या भेगा असल्या तर रेष वाकवा. तिथल्या शेवाळाखाली खोल फटी असतात. एकट्याने जाऊ नका, आणि काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. साप या बेटांवर नाहीत, ही आपल्याकडच्या माणसाला मोठी सोय. पण त्या भरवशावर पाय कुठे पडतोय याकडे दुर्लक्ष करू नका.

सुरुवातीला आणि शेवटी जीपीएस नोंद घ्या. दाट झाडीत जीपीएस चुकतो, म्हणून जवळच्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून अंतर आणि दिशा हाताने लिहून ठेवा. पट्ट्यावरच्या झाडोऱ्याची यादीही याच वेळी करा: कोणती झुडपं, कोणती जास्त, बाहेरची कोणती घुसली आहेत. पुढे फांद्या झोडपताना ही यादी लागणार आहे.

खड्ड्याचे सापळे

जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांसाठी पिटफॉल सापळा. कल्पना साधी: कप जमिनीत पुरायचा, काठ जमिनीच्या पातळीला, चालता चालता प्राणी आत पडतो. अझोर्सच्या पद्धतीत कप लहान असतात, तोंडाचा व्यास 4.2 सेंटिमीटर आणि खोली 7.8 सेंटिमीटर. एका पट्ट्यावर 30 कप, दोन कपांत 5 मीटर अंतर.

सगळा खेळ काठाचा आहे, त्यामुळे हे सावकाश सांगते. खुरप्याने कपाच्या मापाचा खड्डा करा. एकात एक असे दोन कप घ्या आणि दोन्ही एकदम बसवा. मग आतला कप हळूच काढा. बसवताना ढासळलेली माती त्यात पडलेली असते, ती झटका आणि तो परत बसवा. आता गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघा. काठ जमिनीच्या वर दोन मिलिमीटर जरी राहिला, तरी तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यासाठी ती भिंत आहे. तो येतो, मिशांनी चाचपतो आणि वळसा घालून निघून जातो. बोटाने ओली माती आणि शेवाळ काठाशी दाबून लावा, सांधा दिसेनासा होईपर्यंत. चांगल्या बसवलेल्या कपावरून बोट फिरवलं तर कप कुठे सुरू झाला ते कळत नाही. मला एक कप असा बसवायला सुरुवातीला वीस मिनिटं लागायची, महिन्याभराने पाच लागू लागली. घाई केलेला कप आणि नीट बसवलेला कप यांत जमणाऱ्या जातींची संख्या वेगळी येते, आणि तो फरक जंगलाचा नसतो.

कपात काय घालायचं? मूळ कामात निम्म्या कपांत टर्किनचं द्रावण होतं आणि निम्म्यांत इथिलीन ग्लायकॉल. टर्किनचं द्रावण म्हणजे काळी बिअर, त्यात थोडं क्लोरल हायड्रेट, फॉर्मेलिन आणि अॅसिटिक आम्ल. बिअरच्या वासाने काही प्राणी ओढले जातात, म्हणून तो आमिषाचा सापळा; ग्लायकॉलचा नुसता वाटेतला खड्डा. दोन्ही शेजारी ठेवले की एकाने सुटलेलं दुसऱ्यात सापडतं.

नवख्यांनी फॉर्मेलिन आणि क्लोरल हायड्रेट हाताळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ही विषारी रसायनं आहेत आणि त्यांना हातमोजे, मोकळी हवा, प्रशिक्षित माणूस लागतो. इथिलीन ग्लायकॉलही चवीला गोड आणि विषारी, चुकून एखाद्या जनावराने चाटलं तर जीव जातो. तुमचं काम स्वतंत्र असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या: कमी विषारी, आणि पुढे डीएनए काढायचा असला तर नमुनेही त्यात बरे टिकतात. जुन्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर मात्र जुनंच द्रावण घ्यावं लागतं, आणि मग ते काम चमूतल्या जाणत्या माणसाने करावं. कोणतंही द्रावण असो, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घाला. त्याने पृष्ठताण मोडतो. नाहीतर हलके कोळी पाण्यावर उभे राहून बाहेर पडतात.

वर प्लॅस्टिकची बशी, तारांच्या पायांवर, जमिनीपासून साधारण पाच सेंटिमीटर उंच. पाऊस आणि पडणारी पानं अडतात, प्राण्याला वाट मोकळी राहते. अझोर्सच्या डोंगरात पाऊस रोजचाच, बशी नसेल तर चौथ्या दिवशी कप भरून वाहतो आणि आतलं सगळं मातीला मिळतं.

चौदा दिवसांनी काढा. तेराव्या नाही, सोळाव्या नाही. काढताना तीन प्रकार दिसतील: भरलेला कप, रिकामा कप, उलटलेला किंवा उंदराने उचकटलेला कप. शेवटच्या दोघांची नोंद एकच करण्याची चूक सगळ्यांकडून होते. रिकामा कप म्हणजे शून्य, आणि शून्य ही माहिती आहे. उलटलेला कप म्हणजे नमुनाच नाही, तिथे ‘गहाळ’ लिहा. गहाळला शून्य लिहिलंत तर तुम्ही जंगलाला आहे त्यापेक्षा गरीब ठरवता.

आणखी एक लक्षात ठेवा: हा सापळा प्राण्यांची संख्या मोजत नाही, त्यांचं हिंडणं मोजतो. विणीच्या काळात मादीच्या शोधात फिरणारा नर कोळी दहा वेळा येईल, जाळ्यात बसून राहणारी मादी एकदाही येणार नाही.

फांद्या झोडपणं

इथे बेटाची बुटकी झाडं वरदान ठरतात. उष्ण कटिबंधातल्या उंच जंगलात झाडाचा शेंडा गाठायला दोर किंवा मचाण लागतं. अझोर्समध्ये जमिनीवर उभं राहून हात वर केला की शेंडा हाताशी येतो.

पट्ट्यावर जास्तीत जास्त आढळणारी तीन झुडपं किंवा झाडं निवडा, प्रत्येकाच्या दहा वेगवेगळ्या झाडांवरून एकेक फांदी. अवजार म्हणजे कापडाची उलटी छत्री, तोंड एक मीटर, खोली साठ सेंटिमीटर, तळाशी प्लॅस्टिकची पिशवी. छत्री फांदीखाली धरायची आणि काठीने पाच फटके. पाचच. सहावा मारायचा मोह होतो, कारण पाचव्याला काहीतरी हललेलं दिसतं. मारू नका. फटकेही सगळ्यांचे साधारण सारख्या जोराचे हवेत. चमूत एकाच माणसाने झोडपावं हे उत्तम.

पहिल्या फटक्याला जुनिपरवरून आधी काड्याकचरा पडतो, मग त्यात काही कण हलायला लागतात. हिरवट कोळी पाय आखडून पडतो आणि क्षणात धागा सोडून वर निघतो. तुडतुडे छत्रीच्या कापडावर एकदा थांबतात आणि उडी मारतात. म्हणून पिशवी लगेच पिळून बांधायची, आतमध्ये चिठ्ठी आणि अल्कोहोल. दोन जणांचं काम आहे हे, एकाने काठी, एकाने पिशवी.

ओल्या फांद्या झोडपू नका. पाण्याने प्राणी कापडाला चिकटतात, आणि ढगात असताना बरेचसे आधीच सालीत घुसलेले असतात. अझोर्सला कोरडी फांदी मिळणं हीच अडचण, त्यामुळे सकाळी कप आणि दुपारी ढग उठले की फांद्या, असा क्रम बसवा. दोन दिवस पाऊसच असेल तर थांबा.

रात्र, आणि न थकणारा तंबू

कोळ्यांवर भर असेल तर रात्री परत जावं लागतं. बरीच जाळी अंधारातच विणली जातात. पन्नास मीटर बाजूच्या चौकोनात डोक्याला दिवा लावून हाताने शोधायचं, एका माणसाचा एक पूर्ण तास म्हणजे एक नमुना. गुडघ्याच्या वरचंच बघायचं असं ठरवलं असेल तर जमिनीवर पळणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही. हे कठीण जातं, पण नियम तोच.

2012 पासून अझोर्समध्ये वर्षभर उभे राहणारे मॅलेझ पद्धतीचे जाळीचे तंबूही लावले आहेत, प्रत्येक बाजू 110 सेंटिमीटर. किडा जाळीला धडकतो, वर चढतो, शेंड्यावरच्या बाटलीत पडतो. बाटलीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, दर तीन महिन्यांनी बदलायची. माणूस दोन आठवड्यांसाठी जातो. हा तंबू सगळे ऋतू बघतो. नवख्याला यात शिकण्यासारखं एकच, बाटलीचं झाकण फिरवताना आधीची चिठ्ठी काढायची आणि नवी घालायची.

चिठ्ठी

चिठ्ठीला वेगळं शीर्षक द्यावं इतकी ती महत्त्वाची आहे. माझ्या पहिल्याच फेरीत मी अकरा पिशव्यांच्या चिठ्ठ्या साध्या बॉलपेनने लिहिल्या. संध्याकाळी टेबलावर पिशवी उघडली तर अल्कोहोल फिकट निळं झालेलं आणि कागद कोरा. त्या अकरा फांद्यांवरचे प्राणी शाबूत होते, ओळखताही आले असते, पण कोणत्या पट्ट्यावरचे, कोणत्या झाडावरचे हे कोणालाच सांगता आलं नाही. ते नमुने मोजणीतून काढावे लागले. इतक्या जिवांचा जीव घेऊन त्यांचा काहीच उपयोग करता आला नाही याची टोचणी मला अजून आहे.

तेव्हा: जाड, कापसाचा अंश असलेला कागद, आणि शिसपेन्सिल. शाईच हवी असेल तर अल्कोहोलात न विरघळणारी. चिठ्ठी पिशवीच्या आत, बाहेर नाही. बाहेरची गळून पडते. चिठ्ठीवर बेट, तुकडा, पट्टा क्रमांक, सापळ्याचा प्रकार, नमुना क्रमांक, झाडाचं नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तारखेत महिना अक्षरात लिहा. 7/8 म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै, हे परदेशी चमूत दरवेळी वेगळं वाचलं जातं.

टेबलावर

जंगलातल्या एका दिवसामागे टेबलावर पाच-सहा दिवस जातात, हा माझा हिशेब. नवख्यांना हे आधी सांगितलं जात नाही आणि मग कुप्यांची खोकी तशीच पडून राहतात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर पट्टे कमी घ्या.

नमुना पांढऱ्या ताटलीत ओता. दिवा बाजूने येऊ द्या. नाजूक चिमटा घ्या, आणि आधी ढोबळ गट पाडा: कोळी, भुंगेरे, तुडतुडे व इतर ढेकूणवर्गीय, गोमी, वाणी, पतंग आणि त्यांच्या अळ्या, बाकीचे. स्प्रिंगटेल आणि माइट हे अगदी बारीक जीव शेकड्यांनी असतात. ते मोजायचे की नाही हे सुरुवातीलाच ठरवा आणि मग अर्ध्यात बदलू नका.

उरलेला कचरा लगेच फेकू नका. टार्फियस नावाचे भुंगेरे आहेत, अझोर्समध्ये त्यांच्या अनेक प्रदेशनिष्ठ जाती आहेत, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या. कुजलेल्या लाकडावरची बुरशी खातात, सावकाश चालतात, उडता येत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघितला तर पाठीवर गाठी, खाचा, ताठ केस आणि सगळ्यावर मातीचा मुलामा. ताटलीत तो सालीच्या तुकड्यासारखाच दिसतो. मी कचरा दुसऱ्यांदा पाण्याने हलवून बघायला लागले तेव्हापासून दर थोड्या नमुन्यांमागे एखादा तरी त्यात सापडायचा. जो प्राणी वाचवायला हे सगळं चाललंय, तोच आपल्या हाताने कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये.

मग येते ओळख. नवख्याने थेट जातीचं नाव लिहायचा आग्रह धरू नये. सारखे दिसणारे प्राणी एकत्र करा, प्रत्येक गटाला एक खूण द्या: ‘कोळी 07’, ‘भुंगेरा 12’. अशा गटाला रूपजाती म्हणू. प्रत्येक रूपजातीचा एक चांगला नमुना संदर्भ म्हणून वेगळ्या कुपीत ठेवा आणि नवा प्राणी आला की त्याच्याशी ताडून बघा. शेवटी हे संदर्भ नमुने त्या त्या गटाच्या तज्ज्ञाकडे जातात आणि नाव तो देतो. इथे चुका होतात: नर-मादी वेगळे दिसतात म्हणून एका जातीच्या दोन होतात, किंवा दोन जुळ्या जाती एका खुणेखाली जातात. म्हणून तज्ज्ञाने बघेपर्यंत काहीही फेकू नका.

कोळ्यांची जात एरवी प्रौढांच्या जननांगावरूनच ठरते आणि पिल्लं बाजूला ठेवावी लागतात. बेटावर जाती कमी आणि बऱ्यापैकी माहीत असल्यामुळे अझोर्समध्ये बरीच पिल्लंही ओळखता येतात. फांद्यांवरच्या नमुन्यांत पिल्लंच जास्त असतात, त्यामुळे याचा मोठा फायदा होतो. मुख्य भूमीवर हेच करायला गेलात तर फसाल.

मूळचा कोण, पाहुणा कोण

बेटावरच्या मोजणीचा गाभा इथे आहे. नुसती जातींची संख्या बेटावर दिशाभूल करते. अझोर्समध्ये संधिपादांच्या दोन हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत, आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक माणसाबरोबर आलेल्या आहेत: रोपांच्या मातीतून, धान्यातून, लाकडातून. कुरणाला लागून असलेल्या तुकड्यात 60 जाती मिळाल्या आणि आतल्या तुकड्यात 45, म्हणून कडेचा तुकडा समृद्ध असं म्हणता येत नाही. त्या साठात पाहुणे किती ते बघायचं.

म्हणून प्रत्येक जातीसमोर तीनपैकी एक खूण करा: प्रदेशनिष्ठ, मूळची पण इतरत्रही असणारी, बाहेरून आलेली. रूपजातीसमोर नाव मिळेपर्यंत ही खूण रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. तेर्सेरावरच्या तेर्रा ब्रावा या छोट्याशा तुकड्यावरून नाव पडलेला ट्रेकस टेराब्राव्हेन्सिस हा भुंगेरा 2004 मध्ये विज्ञानाला पहिल्यांदा कळला. सांता मारिया हे सर्वांत जुनं बेट; तिथे मूळ जंगल दहा हेक्टरांपेक्षाही कमी, पण त्यात स्वतःच्या प्रदेशनिष्ठ जाती दाटीने आहेत. 2010 मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की इतकं जंगल गेल्यावर, आज जिवंत असलेल्या अझोर्सच्या प्रदेशनिष्ठ वन्य संधिपादांपैकी अर्ध्याहून अधिक पुढेमागे नष्ट होणार आहेत. आपण कपात मोजतो ते त्यांनाच.

मोजणी पुरेशी झाली का, हे तपासायला एक सोपं साधन आहे. किती जातींचा एकच प्राणी मिळाला आणि किती जातींचे दोनच, हे मोजा. समजा एकूण 48 जाती मिळाल्या, 12 जातींचा एकेक आणि 6 जातींचे दोन-दोन. बाराचा वर्ग 144, त्याला सहाच्या दुपटीने म्हणजे 12 ने भागा, आले 12. 48 अधिक 12, म्हणजे निदान 60 जाती असाव्यात. संख्याशास्त्रज्ञ अॅन चाओ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अंदाज आहे. एकेकटे खूप असतील तर जंगलाने अजून बरंच दाखवलेलं नाही. मात्र बेटावर एकेकट्यांत शेजारच्या कुरणातून वाऱ्याने आलेले वाटसरूही असतात, म्हणून हा हिशेब प्रदेशनिष्ठांसाठी वेगळा आणि पाहुण्यांसाठी वेगळा करा.

ठेवायचं कुठे

काम संपलं की कुप्या घरी नेऊ नका, त्या सार्वजनिक संग्रहात जातात. अझोर्समध्ये आंग्राला विद्यापीठाचा दाल्बेर्तो तैशैरा पोंबो कीटकसंग्रह आहे. आकडे सर्वांना वाचता येतील अशा स्वरूपात जीबीआयएफसारख्या, जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या कोठारात टाका: प्रत्येक ओळीत एक जात, एक नमुना, एक संख्या, आणि गहाळ नमुन्यांची वेगळी यादी.

शेवटचं पान पुन्हा येणाऱ्यासाठी लिहा. अझोर्समध्ये पहिल्या फेरीनंतर सुमारे दहा वर्षांनी त्यातल्या काही पट्ट्यांवर परत तेच कप, तेवढेच दिवस, तीच झाडं घेऊन मोजणी झाली. ती करता आली कारण आधीच्यांनी जागा सापडेल अशी लिहून ठेवली होती. तुम्हीही लिहा: गाडी कुठे थांबवायची, कुंपणाची कोणती फट, कोणत्या वाकड्या जुनिपरपासून उजवीकडे किती पावलं, पहिला कप कोणत्या दगडाच्या पायथ्याशी. सोबत पट्ट्याच्या सुरुवातीला उभं राहून चारही दिशांचे फोटो काढा, आणि फोटोच्या नावात तारीख घाला.